जरा उचलून फिरणारी किल्ली

१

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी सरकारी वकिलांच्या कार्यालयातल्या दप्तरदाराने कपाट नंबर चार उघडलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. शनिवारी संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने ठेवलेली आगीची फाइल जागेवर नव्हती. कुलूप शाबूत, कडी शाबूत, दोन्ही बाजूंच्या फायली जागच्या जागी, आणि मध्ये चार बोटं रुंद रिकामी जागा.

फाइल साधीसुधी नव्हती. खोक्यांच्या कारखान्यात आग लागली तेव्हा मागच्या दारापर्यंत पोचलेल्या तीन मुली त्या दाराशीच जिवानिशी गेल्या. मालक म्हणत होता, दार उघडंच होतं, मुली घाबरल्या त्याला मी काय करू? पण दाराचं जळकं कुलूप सरकारने एका कुलूपवालीकडे तपासायला दिलं, आणि तिने लिहून दिलं की दार बाहेरून बंद केलेलं होतं. तो अहवाल, फोटो, तिचा जबाब, सगळं त्या फायलीत होतं.

आणि चोरीचा आळ कोणावर आला? त्याच कुलूपवालीवर! बुधवारी पोलिसांना तिच्या दुकानातल्या जुन्या किल्ल्यांच्या डब्यात एक किल्ली सापडली. गुरुवारी त्या किल्लीने कपाट नंबर चार उघडलं. त्याच संध्याकाळी खटला दाखल. सरकारी वकिलांचं म्हणणं असं, की तिचा अहवाल खोटा होता, तो उघडा पडेल म्हणून तिनेच फाइल पळवली. गेल्या वर्षी त्या कपाटाचं कुलूप तिनेच दुरुस्त केलं होतं, तेव्हाच जादा किल्ली करून ठेवली असणार.

"माझाच अहवाल मी चोरला," कुलूपवाली तिच्या मावशीला म्हणाली. "उद्या म्हणतील, माझ्याच घरात मी दरोडा घातला."

मावशी एकतीस वर्षं न्यायालयात बेलीफ होती. समन्स घेऊन दारोदार फिरण्यात तिचा जन्म गेला. दार धाडकन उघडणारे, फटीतून बघणारे, आतून कडी घालून 'घरात कोणी नाही' म्हणणारे, सगळे नमुने तिने पाहिले होते, आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळे तिला बेलीफमावशीच म्हणत. आईवेगळी ही भाची तिच्याच हाताखाली वाढलेली.

"पंचनामा आण इकडे," ती म्हणाली. "रडायचं असेल तर नंतर रड."

"रडतंय कोण? मला राग आलाय." कुलूपवालीने कागद पुढे केला आणि एका ओळीवर बोट आपटलं. "वाच. 'सदर किल्ली प्रथम अडली, जरा उचलून फिरवली असता कुलूप उघडले.' मी केलेली किल्ली उचलून फिरवावी लागेल? चोर म्हणा, पण अडाणी म्हणू नका!"

मावशीला हसू आलं. मग तिने ती ओळ पुन्हा वाचली आणि कागदाचा कोपरा दुमडून ठेवला.

२

कुलूपवालीच्या तरुण वकीलबाईंनी खटल्याला मनाई हुकूम मागितला. पुढच्या सोमवारी सुनावणी झाली. न्यायाधीश म्हाताऱ्या, हातात कायम पेन्सिल, आणि फापटपसारा त्यांना खपत नसे.

"वकीलबाई, एकदा फौजदारी खटला उभा राहिला की मनाई हुकूम काढून तो थांबवायचा नसतो," त्या म्हणाल्या. "बचाव असेल तो तिथे मांडा. प्रत्येक आरोपी माझ्या दारात येऊन बसला तर खटले चालायचे कसे?"

"पण माझी अशील निर्दोष आहे."

"असेल. ते ठरवायचं काम त्या न्यायालयाचं आहे, माझं नाही. खटला दाखल व्हायच्या आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती."

"बुधवारी किल्ली सापडली, गुरुवारी खटला दाखल. आधी यायला आम्हाला सवड दिलीच कुठे?"

न्यायाधीशांची पेन्सिल थांबली. "नुकसान काय होणार आहे ते सांगा. खटल्याचा त्रास सोडून."

"येत्या शुक्रवारी आगीच्या खटल्यात तिची साक्ष आहे. पुरावा पळवल्याचा आरोप डोक्यावर असलेल्या साक्षीदाराला तिथे उभं करत नाहीत. ही दोन वर्षांनी निर्दोष सुटेल हो, पण आगीचा खटला पुढच्या आठवड्यात संपलेला असेल. तो परत उघडणार नाही."

पाठीमागच्या बाकावर तीन बायका बसल्या होत्या. गेलेल्या मुलींच्या आया. रोज यायच्या, कोणाशी बोलायच्या नाहीत. न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग समोर.

"एकच वाट आहे," त्या म्हणाल्या. "खटला भरणाऱ्याला, भरतानाच, तो खोटा आहे हे ठाऊक होतं. जिंकायला नव्हे, तोंड बंद करायला भरला. हे दाखवलंत तर माझा हात पोचतो. नुसतं निर्दोष असणं पुरणार नाही. बुधवारी सकाळी अकराला या."

म्हणजे दीड दिवस. आणि सिद्ध काय करायचं, तर दुसऱ्याच्या डोक्यात काय होतं ते!

३

बाहेर पायऱ्यांवर सरकारी वकील साहेब उभेच होते. गोरेगोमटे, मऊ बोलणारे, खिशातला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवायची सवय. वकीलबाई कागद आणायला आत वळल्या तेवढ्यात ते जवळ आले.

"कशाला जिवाला घोर लावून घेता?" ते कुलूपवालीला म्हणाले. "इतक्या जळक्या कुलपाबद्दल कोणालाच खात्रीने सांगता यायचं नाही. तसं लिहून द्या. माणसाची चूक होऊ शकते. मग हा खटला काय, मी आजच्या आज मागे घेतो."

कुलूपवालीचे कान लाल झाले. "दार बाहेरून बंद होतं. दोन फेरे देऊन. माझी चूक झालेली नाही, आणि मी ती झाली असंही लिहून देणार नाही. करा काय करायचं ते."

"परवाना जाईल. दुकान जाईल."

"जाऊ दे. फुटपाथवर बसून किल्ल्या करीन."

साहेब हसले आणि मावशीकडे वळले. "बाई, तुम्ही तरी समजावा. तुमचा जन्म न्यायालयात गेलाय."

"म्हणूनच विचारते," मावशी म्हणाली. "चोरी झाली त्या दिवसानंतर तुमचा जुडगा कोणाच्या हाती लागला होता का?"

"कोणाच्याही नाही! सोमवारी दुपारी झडतीसाठी दप्तरदाराने तासभर नेला होता. परत आल्यापासून रात्रंदिवस माझ्याजवळ आहे, हा असा खिशात. तसं प्रतिज्ञापत्रच दिलंय मी. निष्काळजीपणा माझ्या रक्तात नाही."

ते खुळखुळत निघून गेले. वकीलबाईंना हे कळलं तेव्हा त्या हळहळल्या. कारखान्याच्या मालकाचा मेहुणा बढत्यांच्या समितीवर आहे आणि साहेबांचं नाव यादीत आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पायऱ्यांवरच्या बोलण्याला आरोपी आणि तिची मावशी सोडून साक्षीदार कोण?

"ते सोडा," मावशी म्हणाली. "ते प्रतिज्ञापत्र मला दाखवा. एवढी चोख राखण करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही."

४

दप्तरदार मावशीला वीस वर्षं ओळखत होता. एरवी तिला बघितलं की खुर्ची पुढे करायचा. आज त्याने फायलींमागे तोंड घातलं.

"मी समन्स आणलेलं नाही," मावशी म्हणाली. "बसू का?"

"बसा की, ताई. पण मला काही विचारू नका. निवृत्तीला आठ महिने राहिलेत माझे."

ती काही न विचारता बसून राहिली. तेवढ्यात एक कारकून कपाट नंबर चारमधली कसली तरी फाइल मागायला आला. दप्तरदार उठला, कमरेचा जुडगा काढला आणि पितळी कुलूप उघडलं. किल्ली अडली नाही, उचलावी लागली नाही. सरळ घातली, सरळ फिरली.

जुडग्यात अकरा किल्ल्या होत्या. दहा हाताळून हाताळून काळ्या पडलेल्या. अकरावी, चार नंबरची, लखलखीत होती आणि तिच्या कडांवर कानशीचे ताजे ओरखडे होते.

"ही किल्ली नवी दिसते," मावशी म्हणाली.

दप्तरदाराने जुडगा झटकन मुठीत घेतला. "घासली मी. गंज चढला होता."

"पितळेला?"

त्याने जुडगा कमरेला अडकवला. कपाळावर घाम आला होता. मावशीने रुमाल पुढे केला, तो त्याने घेतला नाही. "ताई, तुमच्या पाया पडतो, जा. मी काही चोरलेलं नाही. मी फक्त... जा तुम्ही."

मावशी बाहेर पडली तसा मागे दार आतून लावून घेतल्याचा आवाज आला. कार्यालयात, भर दुपारी, कामाच्या वेळी! हा नमुना मावशीला ठाऊक होता. चोर असं दार लावत नाही. असं दार लावतो तो, ज्याला काहीतरी ठाऊक असतं आणि ते सांगितलं तर आपली गय नाही असं वाटतं.

५

"कानशीने हाताने किल्ली करणारे आता दोघंच," कुलूपवाली म्हणाली. "एक मी. दुसरे उस्ताद. बाकी सगळे यंत्रावर."

उस्तादांकडे ती बारा वर्षं शिकली होती. सहा वर्षांपूर्वी तिने स्वतःचं दुकान काढलं आणि त्या दिवसापासून दोघांत चकार शब्द नाही. म्हणून मंगळवारी सकाळी मावशी एकटीच गेली.

उस्तादांचं दुकान म्हणजे एका माणसाला बसता येईल एवढी जागा आणि भिंतभर किल्ल्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तिने पाठवलंय?"

"तिने नाही. मी आले. सरकारी वकिलांच्या कार्यालयात तुम्ही अलीकडे काही काम केलंत?"

"केलं. दप्तरदार स्वतः आला होता. सोमवारी दुपारी. चोरी झाली म्हणाला, अजून पन्नास फायली आहेत त्या कपाटात, चोराकडे किल्ली असेल तर? नवं कुलूप घ्यायला साहेबांची लेखी परवानगी लागते आणि तोवर महिना जाईल. मग मी पट्ट्या फिरवून दिल्या."

"म्हणजे काय?"

उस्तादांनी एक उघडं कुलूप पुढे सरकवलं. आत पाच पितळी पट्ट्या होत्या. "किल्लीचा एकेक दात एकेक पट्टी उचलतो. पट्ट्यांची जागा बदलली की बाहेरून कुलूप तेच, पण जुनी किल्ली निकामी. नवी किल्ली करायची. नवं कुलूप आणायची गरजच नाही. लोकांना कळतसुद्धा नाही."

मावशीचा हात आपोआप पिशवीतल्या पंचनाम्याकडे गेला. चोरी सोमवारच्या आधीची. पट्ट्या फिरल्या सोमवारी दुपारी. आणि गेल्या वर्षी केलेली म्हणतात ती किल्ली गुरुवारी त्या कुलपाला लागली!

"किल्ल्या किती केल्यात?"

"दोन." उस्ताद जरा घुटमळले. "पहिली बरोबर झाली. दुसरी पहिलीवरून केली, तेव्हा तिसऱ्या दातावर कानस घसरली. हात थरथरतो हल्ली. लागते, पण जरा उचलून फिरवावी लागते. दप्तरदार म्हणाला चालेल, घाईत होता."

मावशी उठून उभी राहिली. दप्तरदाराची किल्ली सरळ फिरली होती. मग उचलून फिरणारी कुठे गेली?

"उस्ताद, उद्या न्यायालयात याल? लेखी परवानगीशिवाय सरकारी कुलूप उघडलंत म्हणून तुम्हालाच विचारतील."

"विचारू देत." म्हाताऱ्याने कानस खाली ठेवली. "पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला काय करणार आहेत ते? आणि तिला सांगा, मी तिच्यासाठी येत नाहीये."

६

बुधवारी अकरा वाजता वकीलबाईंनी मागणी केली की कपाट नंबर चारचं कुलूप आणि दुकानात सापडलेली सीलबंद किल्ली न्यायालयात आणावी. साहेबांनी खुशाल आणा म्हणून हात हलवला. लिपिकाने किल्ली घातली. अडली. जरा उचलली, फिरली.

"पाहा," साहेब म्हणाले. "लागते."

"लागते," वकीलबाई म्हणाल्या. "आमचंही तेच म्हणणं आहे. उस्तादांना बोलवा."

उस्तादांनी कुलपाच्या मागचे दोन स्क्रू काढले आणि तबकडी उलटी करून न्यायाधीशांपुढे धरली. आत खिळ्याने कोरलेल्या दोन तारखा होत्या. "आमच्या धंद्यात कुलूप उघडलं की आत तारीख आणि काय केलं ते कोरायचं. पुढच्या कारागिरासाठी. वरची गेल्या वर्षीची, हिची. खालची माझी. गेल्याच्या गेल्या सोमवारची. पट्ट्या फिरवल्या. त्यानंतर या कुलपाला आधीची कुठलीही किल्ली लागणार नाही."

खोलीत कुजबुज झाली. साहेब उठले. "मग सोमवारनंतर केली असेल तिने!"

"फाइल सोमवारी सकाळीच गेलेली होती," न्यायाधीश म्हणाल्या. "नंतर केलेल्या किल्लीने ती आधी कशी चोरली?"

साहेब घोटभर पाणी प्यायले आणि त्यांचा आवाज पुन्हा मऊ झाला. "मान्य. पोलिसांची चूक झाली असेल. पण पट्ट्या फिरवल्याचं मला कोणी सांगितलं होतं? मी खटला भरला तो प्रामाणिकपणे. ती निर्दोष असेल तर तिथे सुटेल. मनाई हुकूम कशाला?"

न्यायाधीशांनी पेन्सिल टेकवली. "वकीलबाई, हा मुद्दा बरोबर आहे. त्यांना ठाऊक होतं, हे कुठे दिसतं?"

वकीलबाईंनी मागे पाहिलं. मावशीने मान हलवली.

"या कुलपाला किल्ल्या दोनच केल्या. दुसरीच्या तिसऱ्या दातावर कानस घसरलेली आहे. सीलबंद किल्ली तिच्यावरून केलेली आहे, चुकीसकट. ती दुसरी किल्ली आत्ता या खोलीत आहे. साहेबांच्या खिशात."

"काहीतरीच! माझ्या जुडग्यातली किल्ली जुनी आहे, वर्षानुवर्षांची."

"दाखवा," न्यायाधीश म्हणाल्या.

साहेबांनी जुडगा काढला. त्यातली एक किल्ली लखलखत होती. त्यांनी स्वतःच ती अशा नजरेने पाहिली, की ही इथे कशी आली हेच त्यांना कळेना.

तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी उभं राहिलं. दप्तरदार. समोरच्या बाकाची कड धरून तो उभाच राहिला.

"मी बदलली, बाईसाहेब. झडतीला म्हणून जुडगा नेला तेव्हा. परवानगी नव्हती, म्हणून साहेबांना सांगितलं नाही. किल्ली लागली त्या गुरुवारीच मला कळलं की हे खोटं आहे, आणि मी मूग गिळून बसलो. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"चांगली किल्ली तुमच्याकडे आणि अडणारी साहेबांना? असं का?"

दप्तरदार खाली बघत म्हणाला, "साहेब स्वतः कपाट कधी उघडत नाहीत. मी दिवसातून वीस वेळा उघडतो. म्हणून सरळ फिरणारी मी ठेवली."

हसू दाबता दाबता लिपिकाची पुरेवाट झाली. न्यायाधीश हसल्या नाहीत. त्यांनी पांढऱ्या कागदावर तिन्ही किल्ल्या ओळीने ठेवल्या. दप्तरदाराची, साहेबांची, सीलबंद. पहिलीचा तिसरा दात सरळ होता. दुसऱ्या दोघींच्या तिसऱ्या दाताला एकाच जागी एकसारखी खाच होती.

"माझ्या खिशातून कोणी काढून..." साहेब बोलू लागले आणि थांबले.

वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्राची ओळ वाचायला घेतली, पण न्यायाधीशांना ती पाठ होती. "'परत आल्यापासून जुडगा रात्रंदिवस माझ्याजवळ आहे, क्षणभरही दुसऱ्याच्या हाती गेलेला नाही.' तुमची सही आहे. सोमवारी संध्याकाळपासून बुधवारी पोलिसांना किल्ली सापडेपर्यंत तुमच्या किल्लीवरून दुसरी किल्ली झाली, आणि ती तुमच्या हातून गेल्याशिवाय झाली नाही. मग दुसऱ्याच दिवशी तुम्ही तिच्याच जोरावर खटला भरलात."

साहेबांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

"फौजदारी खटल्यात हात घालायला मला आवडत नाही," न्यायाधीश म्हणाल्या. "पण हा खटला नाही, हे साक्षीदाराचं तोंड दाबणं आहे. मनाई हुकूम देते आहे, आणि साहेबांच्या चौकशीचे कागद आजच वर पाठवते आहे."

बाहेर पडताना उस्ताद कुलूपवालीच्या समोर आले. सहा वर्षांनी. "कुलपाच्या आत तुझी तारीख बघितली," ते म्हणाले. "अक्षर अजून गचाळच आहे." आणि पुढे चालू लागले. तिने डोळे पुसले आणि त्यांची पिशवी घ्यायला मागोमाग धावली.

७

फाइल सापडली नाही ती नाहीच. शुक्रवारी कुलूपवाली साक्षीला उभी राहिली तेव्हा आगीचा खटला दुसऱ्या सरकारी वकिलांकडे आला होता, आणि त्यांच्या हातात एकही कागद नव्हता. मालकाच्या वकिलांना तेच हवं होतं.

"अहवाल नाही. फोटो नाहीत. चार महिन्यांपूर्वी काय पाहिलं ते या बाई तोंडी सांगणार, आणि आपण विश्वास ठेवायचा?"

"नका ठेवू," कुलूपवाली म्हणाली. "त्या दाराचं कुलूप कुठे आहे?"

जळकं कुलूप कपाट नंबर चारमध्ये कधी नव्हतंच. दोन किलोचं लोखंड फायलीत मावलं नसतं. ते पहिल्या दिवसापासून न्यायालयाच्या मुद्देमालाच्या खोलीत, गोणपाटात गुंडाळून पडलेलं होतं. साहेबांनी कागद पळवले. कुलपाला हात लावायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

लिपिकाने ते आणून टेबलावर ठेवलं. सील शाबूत होतं. ते फोडल्यावर कुलूपवालीने स्क्रू काढले, काळी तबकडी उलटी केली आणि न्यायाधीशांकडे दिली. आत, काजळीवर, खिळ्याने कोरलेलं होतं. तपासणीच्या दिवसाची तारीख, आणि खाली तिच्या गचाळ अक्षरात: 'बाहेरून बंद. दोन फेरे.'

"आता मोठ्याने वाचा," कुलूपवाली मालकाच्या वकिलांना म्हणाली. "त्यांना ऐकू जायला हवं."

पाठीमागच्या बाकावर तिन्ही आया उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या शेजारी बेलीफमावशीही उभी होती. शिपायाने खाली बसायची खूण केली. चौघींपैकी एकही बसली नाही.